अंगणातली होडी आणि न गंजणारे बोल्ट

रुसलेलं माणूस कुठेतरी जाऊन बसतंच. कुणी माहेर गाठतं, कुणी माळा, कुणी शेजारची पायरी, आणि मग बोलावणं येण्याची वाट बघत राहतं. शिवणवाल्या बाईंचा नवरा होडीत जाऊन बसला.

होडी पाण्यात नव्हती. ती अंगणात होती, दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवलेली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला इतकी खेटून की आत तेलात कांदा पडला की होडीत शिंक वाजायची.

भांडणही फार मोठं नव्हतं. नणंद जेवायला आली होती. तिच्यासमोर बाई बोलून गेल्या, "विकून टाका ती होडी एकदाची. निदान अंगण तरी मोकळं होईल." नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. "मग मीही अंगण मोकळं करतो," असं म्हणून तो उठला, हात धुतला, होडीत चढला आणि शिडी वर ओढून घेतली. यात अंगण मोकळं कसं झालं ते कुणालाच समजलं नाही. आधी नुसती होडी होती, आता होडी आणि नवरा.

नवऱ्याचा धंदा पाट्या रंगवण्याचा. किनाऱ्यावरच्या होड्यांची नावं त्याच्याच हातची, कारण त्याचा हात असा की भूकंपातही रेघ वाकडी जायची नाही. दुसऱ्यांच्या होड्या रंगवता रंगवता त्याला स्वतःची होडी घ्यायची हौस आली, आणि घेतल्यावर ती पाण्यात लोटायची भीती वाटली. तेव्हापासून गल्ली त्याला कप्तान म्हणायची. आता तो खरोखरच होडीत राहायला गेल्यावर म्हणायचं काय, असा गल्लीला प्रश्न पडला. दुसरं नाव सुचेना. कप्तानच राहिला.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, पण त्यात नवीन काही नव्हतं. या घरात सरळ बोलायची पद्धतच नव्हती. राग आला की कप्तान सदरा उलटा घालून हिंडायचा. बाईंना राग आला की त्या त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला हिरव्या दोऱ्याने बटण लावायच्या. माफी मागायची तर तो खिडकीची काच पुसून ठेवायचा. माफ करायचं तर त्या दाराकडे तोंड केलेल्या त्याच्या चपला फिरवून आत तोंड करून ठेवायच्या. घरातली प्रत्येक वस्तू निरोप्या होती, आणि दोघांनाही तिची भाषा मुखोद्गत होती.

मुळात लग्नच तसं जमलं होतं. बाईंची तरुणपणापासूनची एक खोड होती. ज्या गिऱ्हाइकाने पुन्हा यावं असं मनात असे, त्याचं एक बटण त्या कच्च्या टाक्यावर सोडून देत. चांगला शिवलेला सदरा, काजं सुबक, शिलाई अशी की नख लागू नये, आणि छातीवरचं एकच बटण घरी पोचायच्या आत लोंबायला लागायचं. कप्तान त्या एका बटणासाठी इतक्या वेळा आला की शेवटी बाईंच्या आईनेच विचारलं, बाबा, तुला बटण हवंय की आणखी काही. त्या खोडीचा उलगडा त्याला लग्नानंतर झाला, तोही दुसऱ्याच कुणाच्या सदऱ्यावरून, आणि त्या रागात तो आठवडाभर सगळे सदरे उलटे घालत होता.

तर असा हा रुसवा. बाई रोज डबा दोरीला बांधत, कप्तान वर ओढून घेई, रिकामा खाली सोडी. कसा सोडतो, झाकण घट्ट की सैल, चमचा उताणा की पालथा, यावरून बाई दिवसाचं हवामान ओळखत. हवामान ढगाळ होतं, पण वादळ नव्हतं. दोनचार दिवसांत उतरेल, असं बाईंना वाटत होतं. शिवता शिवता त्या आपल्याशीच म्हणायच्या,

*सुई पुढं पुढं चाले, दोरा मागं मागं येई,*
*गाठ शेवटाला पडं, मधी नको गं घाई.*

मग एका सकाळी बोल्ट तुटला.

बाई खिडकीशी मशीनवर होत्या. बाहेर टण्ण झालं आणि काहीतरी तांबूस खिडकीतून उडत आलं ते थेट बटणांच्या ताटलीत पडलं. बघतात तर बोल्टचं डोकं. हात लावताच त्याचा अर्धा भुगा झाला. पाठोपाठ अंगणात लाकूड कण्हल्यासारखं कण्हलं आणि अख्खी होडी खिडकीच्या बाजूला कलली. आतापर्यंत बाईंना खिडकीतून नुसती होडीची कड दिसायची. आता कप्तानाचं कपाळ, डोळे आणि नाकाचा शेंडा दिसायला लागला. दोघांची नजरानजर झाली. दोघांनीही असं तोंड फिरवलं, जणू बसमध्ये अनोळखी माणसाला धक्का लागला.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला, ट्रेलरखाली पाठीवर सरकला, हातोडीने ठोकत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवया लाल झाल्या होत्या.

"मावशी, होडी ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकलीय ना, त्या पट्ट्या या बोल्टांनी गाडीला धरल्यात. एक गेला. बाकीचे जायच्या वाटेवर. वरून टोपी दिसते म्हणून फसायचं नाही, आत दांडा उरलेला नाही. खारी हवा आहे, लोखंड तरी किती सोसणार."

"मग?"

"मग काय, बदला. नाहीतर एके दिवशी काका स्वयंपाकघरात येतील. होडीसकट."

बाईंच्या मनात आलं, येऊ दे की. पण लगेच वाटलं, असं कोसळून आलेलं माणूस घरी आलं असं कुणी म्हणत नाही, पडलं असं म्हणतात. आणि पडलेलं माणूस उठून पहिल्यांदा विचारतं, कुणी पाडलं.

"काका तेवढ्यापुरते उतरतील का?" गॅरेजवाल्याने वर बघून विचारलं.

वरून खोकला आला.

"नाही उतरणार," बाईंनी खोकल्याचा अर्थ सांगितला.

"बरं. मी काकांसकट जॅकवर घेतो. तुम्ही बोल्ट आणून ठेवा. आणि न गंजणारे आणा मावशी, सारखं सारखं मला त्या ट्रेलरखाली घालू नका."

हार्डवेअरच्या दुकानात गर्दी नव्हती. एक नळवाला वॉशर निवडत होता, आणि निवृत्त शिक्षिका दाराची बिजागरी घेऊन उभ्या होत्या, कारण काल घेतलेली डावी निघाली होती. दुकानदार कप्तानाचा जुना दोस्त, त्याच्या दुकानाची पाटीही कप्तानानेच रंगवलेली. बाईंनी काउंटरवर बोल्टचं डोकं ठेवलं आणि मापांचा कागद पुढे केला. मापं शिवणाच्या टेपने घेतली होती.

"वहिनी, ही लांबी जरा जास्त वाटते."

"शिलाईसाठी थोडं सोडलंय," बाई म्हणाल्या.

"बोल्टला शिलाई नसते वहिनी."

"राहू दे. पुढेमागे सैल करावं लागलं तर."

दुकानदाराने वाद घातला नाही. त्याने खण उघडले आणि नेहमीचा, अगदी साधा प्रश्न विचारला, जो तो दिवसभर सगळ्यांना विचारत असे.

"किती टिकायला हवेत?"

बाईंनी पुढे केलेला मापांचा कागद पुन्हा हातात घेतला.

दुकानदार एकेक बोल्ट मांडत गेला. "हे साधे, काळे. आज लावा, पावसाळा आला की रडायला लागतील. हे जस्ताचा मुलामा दिलेले, नवरदेवासारखे चकचकीत, पण खाऱ्या हवेत चकाकी दोन वर्षांची. हे वितळत्या जस्तात बुडवून काढलेले. रूप नाही, अंगावर गाठी आहेत, पण कष्टाळू जात. पाळण्यातलं मूल मिसरूड फुटेपर्यंत हलायचे नाहीत. हे स्टेनलेस. आणि हे स्टेनलेसमधले समुद्राचे, बोटींवर वापरतात ते. हे तुमच्यामागे राहतील वहिनी. माझ्यामागेही राहतील. सांगा, कुठले देऊ?"

"ते वर बसलेत," बाई हळूच म्हणाल्या. "जे आणेन ते वाचतील."

गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती, पण तिला असं माप आणि दर्जा असेल हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"साधे घ्या," नळवाला म्हणाला. "म्हणजे त्यांना आपोआप कळेल, मुदत पावसाळ्यापर्यंत. गुपचूप उतरतील."

"आणि नाही उतरले तर?" शिक्षिका म्हणाल्या. "बायकोने नवरा पाडायला तकलादू बोल्ट आणले, असं होईल. तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मग समुद्राचे."

"समुद्राचे म्हणजे, बसा जन्मभर तिथेच. त्यापेक्षा वकील गाठलेला बरा."

"मधले देऊ?" दुकानदाराने जस्तात बुडवलेला बोल्ट पुढे सरकवला. "ना फार, ना थोडे."

शिक्षिकांनी चष्मा काढून पुसला. "मधले म्हणजे, राहा नाहीतर उतरा, मला काही फरक पडत नाही. हे तर सगळ्यात वाईट."

नळवाल्याने मान खाली घातली. त्याच्या घरी मधलंच चालू होतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "भाऊ, प्रत्येकातला एकेक द्या. नमुना बघते घरी. कापडाचं करतात तसं, धुऊन बघते."

घरी येऊन त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर बश्या मांडल्या, प्रत्येकीत पाणी ओतलं, मीठ विरघळवलं आणि एकेक बोल्ट निजवला. मीठ हात सोडून घातलं, समुद्राला लाजवेल असं. दुसऱ्या दिवशी काळा बोल्ट लाल झाला. मग नवरदेवाच्या गालावर पांढरे डाग आले आणि डागांखालून तपकिरी तोंड वर काढायला लागलं. जस्तात बुडवलेला पांढरी भुकटी अंगावर घेऊन मुकाट पडून होता. साध्या स्टेनलेसला दोनचार तीळ उठले. समुद्राचा होता तसा. गल्लीतल्या बायका भाजी आणायला जाताना खिडकीशी थांबून विचारत, "आज कोण कसं आहे?" आणि कप्तान कललेल्या होडीतून चष्मा लावून, आपण आकाशच बघतोय असा आव आणून, बश्या बघत असे.

या सगळ्यात बाईंच्या हातून एक चूक झाली. मिठाचा डबा बश्यांत रिता झाला, आणि भाजी आळणी गेली.

दुपारी डबा खाली आला तो भरलेलाच. झाकण असं आवळलेलं की उघडायला फडकं घ्यावं लागलं, आणि चमचा पालथा. अन्नावर रुसणं हे याआधी कधीच झालं नव्हतं. त्यांनी कुंपणावरून हाक मारली. नणंद शेजारीच राहायची. बहिणीसाठी कप्तान शिडी खाली सोडायचा, म्हणून या भांडणात वकील, पोस्टमन आणि पंच तीच होती. ती गुडघ्यावर हात ठेवत चढली, बराच वेळ वर बसली, आणि उतरली तेव्हा तिचं तोंड कडू झालं होतं.

"वहिनी, तू मीठ बंद केलंस?"

"मी कशाला बंद करू, वन्सं? विसरले. सगळं बोल्टांना गेलं."

"त्याला तसं सांगितलं असतंस तर. तो म्हणतो, इतकी वर्षं झाली, आता माझ्यासाठी चिमूटभर मीठही उरलं नाही, उलट बोल्टांना मात्र मुठी मुठी. निकाल लागला, म्हणतो."

बाईंनी घाईघाईने दुकानातून मीठ आणलं, कागदाच्या पुडीत बांधलं आणि दोरीला लावलं. पुडी वर गेली. मग होडीच्या कडेवर कप्तान उभा राहिला, त्याने सगळ्या गल्लीला दिसेल असा सदरा काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला.

"आता काय झालं?" बाई.

नणंद पुन्हा चढली, पुन्हा उतरली. "म्हणतो, जखमेवर मीठ पाठवलंस."

बाई पायरीवर बसल्या. नणंदही त्यांच्या शेजारी टेकली. बोल्ट बश्यांत पहुडले होते.

"आणखी एक म्हणाला तो," नणंद म्हणाली. "वहिनी कुठले बोल्ट आणते त्यावरून माझं मला कळेल, म्हणाला. साधे आणले तर समजेन, हिला मी पडायला हवाय. समुद्राचे आणले तर समजेन, हिला मी कायमचा वरच हवाय."

"आणि मला ते खाली हवे आहेत, याचा बोल्ट कुठला?"

"तेही विचारलं. म्हणाला, ते तिला कळायला हवं."

"तुमचा भाऊ आहे वन्सं, म्हणून काही बोलत नाही."

"बोल की. मी लहानपणापासून बोलतेय. काही उपयोग नाही."

नणंद गेल्यावर बाई मशीनवर बसल्या, पण पाय चालेना. आयुष्यभर त्यांनी कपडे शिवले होते, आणि कपड्याचं त्यांना एवढं ठाऊक होतं की तो टिकायला तर हवाच, पण उसवताही यायला हवा. माणूस जाड होतं, बारीक होतं, मुलाचा सदरा धाकट्याला येतो. ज्याची शिवण उसवता येत नाही ते कापड नव्हे, ते पोतं. त्यांनी समुद्राचा बोल्ट बशीतून काढला, पदराने पुसला आणि त्याच्या आट्यांवरून नख फिरवलं. आटे दोऱ्याच्या वेढ्यांसारखेच होते.

*लाकडाला खाई वाळवी, लोखंडाला गंज खाई,*
*रुसव्याला कोण खाई, सांग मला सुईबाई.*

सुईबाई काही बोलली नाही. बाई उठून पुन्हा दुकानात गेल्या.

"समुद्राचे द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "मी काही माणूस पाडायला बोल्ट नेणार नाही. सगळ्यात टिकाऊ ते द्या. फक्त एवढं सांगा, उद्या काढावेसे वाटले तर निघतील ना?"

"निघतील. पण एक काळजी घ्या." दुकानदाराने नट बोल्टवर ठेवून दाखवला. "गंज लागत नाही, पण या जातीत एक खोट आहे. बोल्ट स्टेनलेस, नटही स्टेनलेस. कोरडे ठेवून घाईने आवळले की दोघं एकमेकांना अशी मिठी मारतात की ना पुढे ना मागे. अर्ध्यात अडकून बसतात. मग कापण्यावाचून इलाज नाही. म्हणून आट्यांना हे वंगण चोपडायचं. आणि मध्ये हे नायलॉनचे वॉशर घाला. ट्रेलर जस्ताच्या मुलाम्याचा, बोल्ट स्टेनलेसचा, खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंत कुरबुर होते. मध्ये तिसरं कुणीतरी असलेलं बरं."

"आहे आमच्याकडे," बाई म्हणाल्या. त्यांना नणंद आठवली. मग त्या थांबल्या. "भाऊ, कोरडा राहिला तर अडकतोच?"

"अडकतोच समजा, त्यात गॅरेजवाल्यासारखा घाईचा हात असला तर. म्हणून सांगतो, एकही कोरडा ठेवू नका."

"एकही?"

"एकही."

बाईंनी मान डोलावली. गिऱ्हाईक गळा जरा मोठा ठेवा म्हणालं की त्या जशी डोलावत, तशीच.

"आणि एक बोल्ट जास्तीचा द्या."

"तो कशाला?"

"शिलाईत जातो एखादा."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने जॅक लावला. होडी कप्तानासकट वर उचलली गेली, सरळ झाली, आणि कप्तानाचं कपाळ खिडकीतून नाहीसं झालं. गल्लीतली दोनचार माणसं कुंपणाला टेकली. नणंद खुर्ची टाकून वॉशर सांभाळत बसली. बाईंनी मांडीवर फडकं अंथरलं, पिशवी उघडली, आणि उन्हात बोल्ट लखलखले.

होडीच्या कडेवरून चष्मा डोकावला. बराच वेळ तो तिथे होता.

"ताई," वरून आवाज आला. बहिणीलाच हाक होती, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी. "समुद्राचे आणलेत."

"दिसतंय मला."

"म्हणजे कायमचंच."

आवाजात राग नव्हता. बाईंना राग चालला असता, तो वाचता येतो. हा आवाज नुसता रिकामा होता, रिकाम्या डब्यासारखा, आणि झाकण कुठे आहे ते कळत नव्हतं. मग त्यांनी वंगणाची डबी उघडली.

एकेक बोल्ट त्या हातात घेत, आट्यांत बोटाने वंगण भरत, वॉशर घालत आणि खाली गॅरेजवाल्याच्या हातात देत. त्यांचे हात मनगटापर्यंत करडे झाले. तो आवळत होता, नट लोण्यात सुरी जावी तसे फिरत होते. जुने बोल्ट भुगा होऊन विटांवर पडत होते. असं करत करत शेवटचा राहिला. तो बाईंनी पिशवीतून फडक्याच्या टोकाने उचलला आणि तसाच त्याच्या हातात ठेवला.

गॅरेजवाल्याला जेवायची घाई होती. त्याने नट चढवला, पाना लावला, जोर दिला. चर्र झालं. आणखी जोर दिला. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला आणि पाना थांबला.

"अडकला."

"म्हणजे?" नणंदेने विचारलं.

"म्हणजे अडकला. पुढे जात नाही, मागे येत नाही, पट्टी अर्धी सैल आहे, आणि होडी जॅकवर." तो पाठीवर पडल्या पडल्या बोलत होता. "पलीकडून कुणीतरी बोल्टचं डोकं पान्याने घट्ट धरा, मी इकडून हिसका देतो. मावशी, तुम्ही नको, तुमचे हात वंगणाने भरलेत, पाना निसटेल. आत्या?"

"माझं मनगट गेलंय," नणंद म्हणाली. तिचं मनगट खरंच गेलं होतं. कुंपणाला टेकलेली माणसं एकाएकी आपापल्या घड्याळांकडे बघायला लागली. जॅकवर तरंगणाऱ्या होडीखाली हात घालायला कुणी उत्सुक नव्हतं.

"लवकर कुणीतरी. हात न थरथरणारा पाहिजे."

अंगणात कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. बाई आपल्या करड्या तळव्यांकडे बघत बसल्या होत्या.

वर लाकूड करकरलं. मग शिडी खाली आली, आणि शिडीवरून उलटा सदरा घातलेला कप्तान उतरला. जमिनीवर पाय टेकल्यावर तो जरासा झुलला, इतके दिवस बोटीत राहिलेल्या माणसासारखाच. त्याने कुणाकडे बघितलं नाही. पाना घेतला, ट्रेलरखाली वाकला आणि बोल्टचं डोकं धरलं. रेघ मारणारा हात तो, रोवल्यासारखा राहिला. गॅरेजवाल्याने हिसका दिला, पुन्हा दिला, नट जागचा हलला नाही.

तिथे वाकल्या वाकल्या कप्तानाचं नाक बोल्टांच्या रांगेला टेकायला आलं होतं. त्याने शेजारच्या बोल्टवरून बोट फिरवलं. बोट करडं झालं. त्याच्या शेजारच्यावरून फिरवलं, पुन्हा करडं. मग अडकलेल्यावरून फिरवलं. बोट कोरडं राहिलं.

त्याने मान वळवून बायकोकडे बघितलं. होडीत चढल्यापासून पहिल्यांदाच सरळ.

"हे बटण आहे ना?"

"कसलं बटण?" बाई म्हणाल्या.

"सगळ्यांना लावलंस. याला नाही लावलंस."

"राहून गेलं असेल."

"तुझं कधी काही राहून गेलंय?"

"काका," ट्रेलरखालून गॅरेजवाला म्हणाला, "बटण नाही हो ते, बोल्ट आहे. तुम्ही फक्त धरून ठेवा. कापावा लागणार हा."

"कापू या," कप्तान म्हणाला. "मी धरलाय."

कटर लागला, ठिणग्या उडाल्या, आणि अडकलेली जोडी मिठीतच खाली पडली. गॅरेजवाला कपाळावरचा घाम पुसत म्हणाला की आता दुकानात जाऊन दुसरा आणावा लागेल. तोपर्यंत बाईंनी ॲप्रनच्या खिशातून जास्तीचा बोल्ट काढून पुढे धरला होता. कप्तानाने बोल्टकडे बघितलं, खिशाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. त्याने तो घेतला, वंगणाची डबी ओढली आणि पाटीवरचं पहिलं अक्षर रंगवावं इतक्या हळूहळू, एकेका आट्याला वंगण लावलं.

जॅक उतरला. होडी आपल्या पट्ट्यांवर टेकली आणि हलली नाही.

"झालं," गॅरेजवाला म्हणाला. "आता दहा हत्ती बसवा. चढा काका."

गल्ली कुंपणाला टेकून थांबली. कप्तानाने शिडीकडे बघितलं. मग हातांकडे बघितलं.

"असे हात घेऊन कसं चढणार? होडी खराब होईल," तो म्हणाला. "आधी धुवायला हवेत."

आणि हात धुवायला तो स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला. बाई पाठोपाठ गेल्या. आत गेल्यावर त्यांनी दाराकडच्या त्याच्या चपला पायानेच आत फिरवून ठेवल्या, कारण हात भरलेले होते.

नणंदेने खुर्ची आत आणली आणि तीही जेवायला बसली, भांडण जिथून सुरू झालं होतं त्याच जागेवर. ताटं वाढली गेली. कप्तानाने पहिला घास घेतला.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "विचारा त्यांना, मीठ बरोबर आहे का."

कप्तान त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

"ताई, सांग तिला, बरोबर आहे," तो म्हणाला. "जरा जास्तच आहे. पण असू दे."

कापलेल्या बोल्टची जोडी बाईंनी धुऊन बटणांच्या ताटलीत टाकली होती, आणि ती तिथे पांढऱ्या बटणांत मोठ्या पाहुण्यासारखी अवघडून बसली होती. कप्तानाने खिडकीबाहेर बघितलं. होडी सरळ उभी होती, आणि तिच्याखाली बोल्ट असे चमकत होते की आता ती दोघांच्याही मागे राहणार हे आंधळ्यालाही दिसावं.

"अंगण काही मोकळं झालं नाही," तो म्हणाला. या वेळी बहिणीला मध्ये न घालता.

बाईंनी त्याच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली. "सदरा सुलटा करा आधी," त्या म्हणाल्या. "आणि ते छातीवरचं बटण बघू. सैल झालंय."